बदलत्या पत्त्याचा सर्व्हर आणि ‘८२ टक्के’: एक पेपर कसा वाचावा

संशोधन सुरू करताना मोठा सर्व्हर कुणाकडेच नसतो. घरातला जुना डेस्कटॉप असतो, त्यावर लिनक्स टाकलेलं असतं, आणि तो पुसदला किंवा दारव्ह्याला घरी चालू ठेवून आपण नागपूर-अमरावतीच्या होस्टेलवरून त्याच्याकडून काम करून घ्यायचं ठरवतो. रात्रभर चालणारं मॉडेल असेल, गावातल्या सर्वेक्षणाचा डेटा असेल, शेतातल्या सेन्सरच्या नोंदी असतील. दोन दिवस सगळं नीट चालतं. तिसऱ्या दिवशी लाइन जाते, राउटर बंद होऊन परत चालू होतो, आणि कालचा आयपी पत्ता आज आपला राहिलेला नसतो.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: ‘डायनॅमिक डीएनएस लाव.’ ते चाललं नाही तर पुढचं उत्तर: ‘होल पंचिंग करणारं काहीतरी वापर, ८२ टक्के वेळा चालतं.’ हा ८२ टक्क्यांचा आकडा एका पेपरमधून आलाय. ब्रायन फोर्ड, पैडा श्रीसुरेश आणि डॅन केगल यांचा, २००५ सालच्या युझनिक्स परिषदेतला, नॅटच्या पलीकडच्या दोन संगणकांनी थेट कसं बोलायचं यावरचा. पेपर उत्तम आहे, आजही वाचण्यासारखा आहे. पण त्यातला आकडा ज्या पद्धतीने फिरतो, ती पद्धत चुकीची आहे. तुम्ही साहित्याचा आढावा लिहायला बसणार असाल, तर हा फरक आत्ताच समजून घ्या.

आधी प्रश्न नीट मांडू

‘पत्ता बदलतो’ ही तक्रार झाली. संशोधनाचा प्रश्न असा की नक्की कशाचा पत्ता, आणि बदलतो म्हणजे काय होतं?

इथे जेरोम साल्ट्झर यांचं एक जुनं टिपण फार उपयोगी पडतं. मूळ १९८२ चं, पुढे ऑगस्ट १९९३ मध्ये आरएफसी १४९८ म्हणून प्रसिद्ध झालं. मोजक्या पानांचं आहे, एका बैठकीत वाचून होतं. साल्ट्झर चार गोष्टी वेगळ्या करतात: सेवा, ती सेवा चालवणारा संगणक, तो संगणक नेटवर्कला जिथे जोडलाय ती जागा, आणि तिथवर जाणारा मार्ग. या चौघांना जोडणाऱ्या गाठी असतात. सेवा या संगणकावर आहे, ही एक गाठ. संगणक या जागी जोडलाय, ही दुसरी. त्या जागेकडे या मार्गाने जाता येतं, ही तिसरी. कुठलीही गाठ सुटून दुसरीकडे बांधली जाऊ शकते, आणि वरच्या नावाला त्याचा धक्का बसू नये, असा एकूण विचार.

आता आपला डेस्कटॉप बघा. संगणक तोच, त्यावरची सेवा तीच. बदलली ती फक्त जोडणीची जागा. आयपी पत्ता हे संगणकाचं नाव नाही, ते जोडणीच्या जागेचं नाव आहे. भाडेकरूने घर बदललं म्हणून त्याचं आडनाव बदलत नाही, तसं. आपण मात्र आयपी पत्ता पाठ करून त्यालाच संगणक समजत असतो. घोळ तिथे आहे.

डायनॅमिक डीएनएस काय करतं? दुसरी गाठ परत बांधतं. घरातला एक छोटा प्रोग्रॅम ‘माझी नवी जागा ही’ असं नावांच्या वहीत कळवतो. एप्रिल १९९७ च्या आरएफसी २१३६ मध्ये डीएनएसमधल्या नोंदी चालू स्थितीत बदलण्याची रीत ठरली. डीएनएस स्वतः १९८३ चं, पॉल मोकापेट्रिस यांचं. म्हणजे साधन काही नवं नाही. नोंदीचं आयुष्य मिनिटभराचं ठेवलं, तर पत्ता बदलल्यावर थोड्याच वेळात नाव पुन्हा बरोबर जागी जायला लागतं. काहींच्या घरी एवढ्याने काम भागतं. पण बऱ्याच जणांच्या घरी ते काहीच करत नाही, आणि का करत नाही हे कुणी सांगत नाही.

गाठ बांधायला खुंटीच नसते तेव्हा

एक तपासणी करा. राउटरच्या पानावर जाऊन त्याला बाहेरच्या बाजूने कुठला पत्ता मिळालाय ते बघा. मग बाहेरच्या एखाद्या साइटला विचारा, तिला तुम्ही कुठल्या पत्त्यावरून आलेले दिसता. दोन्ही सारखे असतील तर ठीक, तुमचा पत्ता बदलता असला तरी तुमचा आहे. वेगळे असतील, आणि राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला किंवा १० ने सुरू होणारा असेल, तर तुमच्या आणि इंटरनेटच्या मध्ये कंपनीचा स्वतःचा नॅट बसलाय. याला सीजी-नॅट म्हणतात.

हे का करावं लागलं, ते उघड आहे. आयपीव्ही ४ चे पत्ते मोजके. जागतिक साठ्यातले शेवटचे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाचा साठा त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेवटच्या राखीव गटावर आला. एप्रिल २०१२ मध्ये आरएफसी ६५९८ ने कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी ४१,९४,३०४ पत्त्यांचा एक पट्टा काढून दिला. तोच हा १००.६४ वाला. भारतात मोबाइल इंटरनेटचा खरा स्फोट त्यानंतर झाला, म्हणजे पत्ते संपल्यावर. घाटंजीच्या एखाद्या मोबाइलला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता द्यायला कुणाकडे पत्ता शिल्लकच नव्हता.

सीजी-नॅटमध्ये एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहक वापरतात, वेगळेपण फक्त पोर्टच्या आकड्यात. डायनॅमिक डीएनएस तिथे प्रामाणिकपणे तो सार्वजनिक पत्ता नोंदवेल. पण त्या पत्त्यावर आलेली हाक कुणाच्या घरची, हे कंपनीच्या नॅटला कळायचं कारण नाही. घरच्या राउटरवर कितीही पोर्ट फॉरवर्डिंग करा, हाक तुमच्या राउटरपर्यंत येतच नाही. साल्ट्झरांच्या भाषेत, दुसरी गाठ बांधायला बाहेरून दिसणारी खुंटीच नाही. नॅटची पहिली आरएफसी मे १९९४ ची, त्यामुळे १९८२ च्या मांडणीत हा प्रकार नाही, आणि तिचा दोष तो नव्हे. पण ती मांडणी आज वापरताना ही भर आपण घालायला हवी.

२००५ चा पेपर काय म्हणतो

फोर्ड आणि सहकाऱ्यांची कल्पना थोडक्यात अशी. नॅट हा सोसायटीच्या वॉचमनसारखा. बाहेरचा कुणी अनोळखी आला तर सोडत नाही. पण आतल्या माणसाने आधी कुणाला बाहेर फोन केला असेल तर त्याचं नाव वहीत असतं, आणि तो आला तर आत जाऊ देतात. मग दोन वेगळ्या सोसायट्यांतल्या दोन माणसांनी एकाच वेळी एकमेकांना फोन लावला, तर दोन्ही वह्यांत नावं लागतात आणि दोन्ही फाटकं उघडतात. कुणाचा नंबर काय, हे सांगायला दोघांच्या ओळखीचा एक तिसरा लागतो: सार्वजनिक पत्त्यावर बसलेला मध्यस्थ सर्व्हर.

पेपरचं मोठेपण असं, की ही युक्ती प्रोग्रॅमर मंडळींमध्ये आधीपासून चालू होती, तिला यांनी व्यवस्थित शब्दांत बांधलं, ती कुठल्या अटींवर चालते ते सांगितलं आणि मोजून दाखवलं. मुख्य अट: नॅटने एकाच आतल्या पोर्टला, बाहेर कुणाशीही बोलताना, एकच बाहेरचं पोर्ट द्यायला हवं. दर वेळी नवं पोर्ट दिलं, तर मध्यस्थाने पाहिलेला नंबर दुसऱ्याच्या कामाचा राहत नाही.

मोजणीसाठी त्यांनी नॅट चेक नावाचा प्रोग्रॅम केला, स्वयंसेवकांनी तो आपापल्या घरी चालवला. यूडीपीसाठी ३८० पैकी ३१० नोंदी यशस्वी, म्हणजे ८२ टक्के. टीसीपीसाठी २८६ पैकी १८४, म्हणजे ६४ टक्के.

आता हा तक्ता यवतमाळच्या डेस्कटॉपसमोर ठेवून वाचा. चार प्रश्न विचारा.

पहिला: माझं काम कुठल्या रकान्यात येतं? एसएसएच टीसीपीवर चालतं. म्हणजे थेट एसएसएचसाठी ८२ हा आकडा मुळातच लागू नाही, ६४ लागू आहे. ८२ हवे असतील तर एसएसएच आधी यूडीपीच्या एखाद्या वेष्टनात घालावं लागेल, उदाहरणार्थ वायरगार्ड. ‘८२ टक्के वेळा चालतं’ म्हणणारे बहुतेक जण इथेच घसरतात.

दुसरा: टक्के कशाचे? हे टक्के एका नॅटचे आहेत, जोडणीचे नाहीत. जोडणीला दोन बाजू असतात. दोन्ही नॅट नीट वागायला हवेत आणि ते एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं ढोबळ धरलं, तर ०.८२ गुणिले ०.८२, म्हणजे साधारण ०.६७. हा हिशोब खडबडीत आहे, कारण काही वेळा एक बाजू वाईट असूनही जोडणी होते. पण एकक बदललं की आकडा बदलतो, हे यातून दिसतं. तुमच्या प्रबंधातही हाच प्रश्न परीक्षक विचारणार: टक्के कशाचे?

तिसरा: नमुना कुणाचा? ज्यांना नॅट चेकबद्दल कळलं आणि तो चालवावासा वाटला, अशा हौशी लोकांचा, २००५ च्या सुमाराचा, घरगुती राउटर जास्त असलेला. भारतातला आजचा मोबाइल सीजी-नॅट त्या नमुन्यात असायचा प्रश्नच नाही. लेखकांनी तसा दावाही केलेला नाही. दावा आपण करतोय, त्यांच्या नावावर.

चौथा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पेपरमध्ये एक भाग अनेक पातळ्यांच्या नॅटवर आहे: कंपनीचा एक मोठा नॅट, त्याच्या आत घराघरांतले छोटे नॅट. सीजी-नॅट हे नाव रूढ होण्याआधीचं हे चित्र हुबेहूब आजचं आहे. समजा घरचा डेस्कटॉप आणि तुमचा लॅपटॉप दोन्ही एकाच कंपनीच्या जोडणीवर, एकाच मोठ्या नॅटमागे आलेत. मग त्या मोठ्या नॅटने आतून आलेलं पॅकेट वळवून परत आतच पाठवायला हवं. याला हेअरपिन म्हणतात, घाटातल्या वळणासारखं. हे किती नॅट करत होते? यूडीपीसाठी ३३५ पैकी ८०, म्हणजे २४ टक्के. टीसीपीसाठी २८६ पैकी ३७, १३ टक्के.

म्हणजे ज्या परिस्थितीत आपल्याकडचा विद्यार्थी असण्याची बरीच शक्यता आहे, तिचा आकडा त्याच तक्त्यात, शेजारच्याच रकान्यात छापलाय. तो कुणी सांगत नाही. अर्थात २४ सुद्धा डोळे मिटून घेऊ नका. लेखकच म्हणतात की त्यांची हेअरपिन चाचणी दोन्ही बाजूंनी पूर्ण छिद्र पाडत नाही, त्यामुळे आकडा वाजवीपेक्षा कमी आलेला असू शकतो. उलट बाजूने ते आणखी एक मर्यादा सांगतात: काही नॅट आतला एकच ग्राहक एखादं पोर्ट वापरत असेपर्यंत शहाण्यासारखे वागतात, दुसऱ्याने तेच पोर्ट घेतलं की बिघडतात, आणि ही गोष्ट चाचणीत पकडली जात नाही. आत असंख्य ग्राहक असलेल्या नॅटसाठी ही मर्यादा किरकोळ नाही. मर्यादांचा परिच्छेद लोक सोडून देतात. माझ्या मते या पेपरचा सगळ्यात टिकाऊ भाग तोच.

पेपरच्या बाहेर राहिलेला प्रश्न

इथवर ‘पोचायचं कसं’ एवढंच बोललो. पण पत्ता बदलतो तेव्हा खरा धोका न पोचण्याचा नसतो, भलतीकडे पोचण्याचा असतो.

तुमचा कालचा पत्ता आज दुसऱ्या ग्राहकाला मिळालेला असतो. डीएनएसची नोंद शिळी असेल तर तुमचं नाव त्याच्या दारात जातं. तिथे एसएसएच चालू असेल तर तुम्हाला एक इशारा दिसतो: या यजमानाची किल्ली ओळखीची नाही, किंवा पूर्वीपेक्षा वेगळी आहे. आणि इथे ‘ती ओळ पुसून टाक, पुढे जा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो पाळून तुम्ही पासवर्ड टाइप केला, तर तो त्या परक्या यंत्राच्या हाती गेला. तुमच्या डेस्कटॉपवर गावातल्या माणसांच्या मुलाखती, आरोग्याच्या नोंदी असतील, तर ज्यांनी विश्वासाने तुम्हाला माहिती दिली त्यांचा प्रश्न येतो. पत्ता बदलला की किल्ली बदलत नाही. किल्ली बदललेली दिसली तर थांबायचं, एवढा नियम पक्का ठेवा.

एसएसएच १९९५ मध्ये तातू यलोनेन यांनी केलं, ते नेटवर्कवर पासवर्ड चोरणाऱ्या एका हल्ल्यानंतर. त्याची ओळख पत्त्यावर नाही, किल्लीवर उभी आहे. तरी ओपनएसएसएचमध्ये बरीच वर्षं नावासोबत आयपी पत्ताही ताडून बघायची सोय आपोआप चालू असायची. मार्च २०२१ च्या ८.५ आवृत्तीत ती मूळ मांडणीत बंद केली, कारण फायदा नगण्य आणि अडचण जास्त. पत्ता म्हणजे ओळख नव्हे, हे मान्य व्हायला एवढा काळ गेला.

वायरगार्ड हाच विचार पुढे नेतं. जेसन डोनेनफेल्ड यांचा त्यावरचा पेपर २०१७ चा, आणि २०२० मध्ये ते लिनक्सच्या ५.६ गाभ्यात आलं. समोरचा कोण हे किल्ली ठरवते. खात्रीचं पॅकेट ज्या पत्त्यावरून शेवटी आलं, तो त्याचा सध्याचा पत्ता. मात्र यालाही टीका लागू आहे. दोन्ही बाजूंचे पत्ते एकदम बदलले तर दोघंही एकमेकांना हरवतात. शिवाय डीएनएसचं नाव ते सुरुवातीला एकदाच विचारतं, नंतर आपणहून परत विचारत नाही. म्हणजे ‘वायरगार्ड अधिक डायनॅमिक डीएनएस’ ही जोडी वाटते तेवढी स्वयंचलित नाही. विनस्टीन आणि बालकृष्णन यांचं मॉश, २०१२ चं, हेही असंच अर्धं: फिरणारा लॅपटॉप ते सांभाळतं, फिरणारा सर्व्हर नाही.

मग करायचं काय

सगळ्या उपायांखाली एक गोष्ट समान आहे, ती आता तुमच्याही लक्षात आली असेल. कुठेतरी एक न हलणारा खुंटा लागतोच. होल पंचिंगला मध्यस्थ लागतो, वायरगार्डला एक स्थिर टोक लागतं, डायनॅमिक डीएनएसला नावांची वही. ‘सर्व्हरशिवाय, थेट’ असं कुणी सांगितलं तर खुंटा कुणाचा आहे, हे आधी विचारा.

माझं मत विचाराल तर सीजी-नॅटमागच्या विद्यार्थ्याने छिद्रं पाडण्याच्या भानगडीत पडू नये. स्थिर पत्त्याचं एक छोटं यंत्र भाड्याने घ्यावं किंवा विभागाकडून मागून घ्यावं. घरच्या डेस्कटॉपने स्वतः बाहेर जाऊन त्याला उलटा एसएसएच बोगदा जोडावा. तुटला तर आपोआप परत जोडेल अशी सोय करावी, आणि नॅटच्या वहीतली नोंद मिटू नये म्हणून साधारण २५ सेकंदांनी एक छोटं पॅकेट पाठवत राहावं. लॅपटॉपवरून त्या बोगद्यातून थेट घरच्या यंत्राशी एसएसएच करावं आणि किल्ली घरच्या यंत्राचीच ताडावी. मग मधल्या यंत्राला वाहतूक दिसते, मजकूर दिसत नाही. घरच्या यंत्रावर पासवर्डने प्रवेश बंद, फक्त किल्लीने.

आयपीव्ही ६ ने प्रश्न सुटेल का? भारत त्यात पुढे आहे, इथले निम्म्याहून अधिक वापरकर्ते त्यावर पोचलेत, आणि तिथे नॅटची गरज नाही. पण घराला मिळणारा पत्त्यांचा गट तिथेही बदलू शकतो, राउटर किंवा कंपनी बाहेरून येणारी हाक अडवू शकते, आणि तुम्ही ज्या वायफायवर बसलात तिथे आयपीव्ही ६ असायला हवं. डायनॅमिक डीएनएस तिथे परत उपयोगी पडतं, एवढं नक्की.

आणि सगळ्यात आधीचा प्रश्न: आत जायची गरज खरंच आहे का? महाराष्ट्रात २०१७ पासून महावेध प्रकल्पात महसूल मंडळांमध्ये स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली, आपल्या जिल्ह्यातही आहेत. अशा केंद्राच्या दारात जाऊन कुणी पावसाचा आकडा विचारत नाही. केंद्रच तो बाहेर पाठवतं. पाठवणाऱ्याचा पत्ता रोज बदलला तरी कुणाचं काही अडत नाही. तुमच्या सेन्सरला किंवा रात्री चालणाऱ्या मॉडेललाही हे पुरतं का, ते बघा. पुष्कळदा पुरतं.

पद्धतीच्या प्रकरणात हे सगळं तीन वाक्यांत येईल: यंत्र कुठल्या प्रकारच्या जोडणीमागे होतं, मधला खुंटा कुणाचा होता, आणि ओळख कशी ताडली. ८२ टक्के लिहायचेच असतील तर पुढे हेही लिहा: यूडीपी, एक नॅट, २००५, स्वयंसेवकांच्या ३८० नोंदी. एवढं लिहिल्यावर तो आकडा तुमच्या कामाचा आहे का, हे तुम्हालाच दिसेल.